मंत्रचळ मापनाच्या आत्मनिवेदन प्रश्नावल्या

मंत्रचळ अथवा कल्पना-कृती अनिवार्यता विकृती हा मनोविकार आहे. त्याची लक्षणे प्रौढ व्यक्तीमध्ये कोणत्या प्रकारची व किती तीव्र आहेत, याचा अंदाज त्या व्यक्तीने स्वतः दिलेल्या उत्तरांवरून घेण्यासाठी ज्या लेखी प्रश्नावल्या वापरल्या जातात, त्यांना आत्मनिवेदन प्रश्नावल्या किंवा आत्मनिवेदन शोधिका म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा विकार ओसीडी या नावाने अधिक परिचित आहे. १९७० नंतरच्या पाच दशकांत अशा अनेक प्रश्नावल्या तयार झाल्या. लेटन, मॉड्सली, पादुआ, ओसीआय-आर आणि डॉक्स या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. प्रश्नावलीतील गुण म्हणजे निदान नव्हे. निदान प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष मुलाखतीनंतरच करतो.

विकार आणि त्याची मराठी नावे

या विकाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे नको असताना मनात पुनःपुन्हा घुसणारे विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी. दुसरे अंग म्हणजे त्यांतून उद्भवणारी अस्वस्थता शमविण्यासाठी पुनःपुन्हा केली जाणारी कृती. हात धुणे, कुलूप ओढून पाहणे, वस्तू एका रेषेत लावणे ही बाहेरून दिसणारी उदाहरणे आहेत. मनातल्या मनात आकडे मोजणे, एखादे नाव ठरावीक वेळा उच्चारणे, घडलेला प्रसंग आठवून तपासत राहणे ही न दिसणारी उदाहरणे आहेत. अशा विचारांत व कृतींत दिवसातील एका तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यामुळे लक्षणीय मनस्ताप होऊन घर, नोकरी, शिक्षण यांत अडथळा येत असेल, तर त्यास विकार मानतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) हा विकार चिंताविकारांच्या गटातून काढून स्वतंत्र गटात ठेवण्यात आला.

मराठीतील ‘मंत्रचळ’ हा शब्द जुना आहे. मंत्रसाधनेत चूक झाल्याने लागलेला चळ, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे तो शब्द पुनःपुन्हा तेच ते करणाऱ्या माणसाच्या वागण्यास लावला जाऊ लागला. शब्द अर्थवाही आहे, परंतु त्यात किंचित उपहास आहे. ‘कल्पना-कृती अनिवार्यता विकृती’ हा पाठ्यपुस्तकी शब्द उपहासापासून मुक्त आहे, पण तो रुग्णाच्या तोंडी कधीच येत नाही. प्रश्नावलीच्या मराठीकरणात ही अडचण आरंभापासून येते.

या विकाराची गल्लत नेहमी व्यवस्थितपणाच्या स्वभावाशी केली जाते. वह्यांना एकाच रंगाचे कव्हर घालणारा किंवा भांडी विशिष्ट क्रमाने मांडणारा माणूस त्या व्यवस्थेत समाधान मानतो. मंत्रचळ झालेल्या व्यक्तीला समाधान मिळत नाही. आपण करतो ते निरर्थक आहे हे तिला बहुधा कळत असते आणि तरीही थांबता येत नाही. ‘मला जरा ओसीडी आहे’ असे हसत सांगण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तिच्याशी या विकाराचा फारसा संबंध नाही.

प्रश्नावली कशासाठी

बोलण्यापेक्षा कागदावर खूण करणे कित्येकांना सोपे जाते. तज्ज्ञाचा वेळ वाचतो, एकाच वेळी अनेकांना प्रश्न विचारता येतात आणि सर्वांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले गेल्यामुळे उत्तरांची तुलना करता येते. आत्मनिवेदनाची ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ झाली. अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांपैकी कोणाची मनःस्थिती युद्धात टिकणार नाही, हे आधी कळावे म्हणून रॉबर्ट वुडवर्थ याने ‘होय-नाही’ स्वरूपाची प्रश्नसूची तयार केली. पुढील बहुतेक सर्व शोधिकांचे मूळ तिच्यात आहे.

चांगल्या प्रश्नावलीत दोन गुण लागतात आणि बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेच्या संदर्भात परिचित असतात: विश्वसनीयता आणि सप्रमाणता. आज व पंधरा दिवसांनी मिळणारे गुण, मधल्या काळात प्रकृती बदलली नसल्यास, जवळपास सारखे आले पाहिजेत. ही विश्वसनीयता. ज्या गोष्टीचे मापन करण्याचा दावा आहे तिचेच मापन झाले पाहिजे. ही सप्रमाणता. गणिताच्या पेपरातील भाषा इतकी अवघड असावी की विद्यार्थ्याच्या गणिताऐवजी भाषेचीच परीक्षा व्हावी, असे शाळेत घडते. मंत्रचळाच्या प्रश्नावलीत तिच्याकडून नकळत चिंता, खिन्नता किंवा धार्मिकता मोजली जाण्याचा धोका असतो, आणि या विषयातील पाच दशकांच्या संशोधनाचा मोठा भाग तो धोका टाळण्यातच खर्ची पडला आहे.

प्रमुख प्रश्नावल्या

लेटन शोधिका (१९७०) ही आरंभीच्या प्रश्नावल्यांपैकी एक. लेटन हा लंडनचा एक भाग. कूपर या मनोविकारतज्ज्ञाने ती मुळात रुग्णांसाठी नव्हे, तर घराच्या स्वच्छतेबाबत अत्यंत काटेकोर असणाऱ्या गृहिणी व त्यांची मुले यांच्या अभ्यासासाठी रचली. तिच्यात ६९ प्रश्न होते. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र कार्डावर छापलेला असे आणि उत्तर देणाऱ्याने ते कार्ड ‘होय’ किंवा ‘नाही’च्या कप्प्यात टाकावयाचे. काही प्रश्न लक्षणांविषयी, तर काही स्वभावविशेषांविषयी होते. ‘होय’ म्हटलेल्या प्रश्नांबाबत पुढे दोन गोष्टी विचारल्या जात: त्या विचाराला तुम्ही किती विरोध करता आणि त्यामुळे रोजच्या कामात किती अडथळा येतो. लक्षण असणे आणि लक्षणाने त्रास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या रचनेत प्रथमच स्पष्टपणे मान्य केले गेले.

मॉड्सली शोधिका (१९७७) लंडनच्या मॉड्सली रुग्णालयाच्या परिसरात घडली. रे हॉजसन आणि स्टॅन्ली रॅकमन हे तिचे कर्ते. ‘बरोबर-चूक’ अशा उत्तरांची ३० विधाने, आणि तपासणे, धुणे, मंदपणा व संशय असे चार उपविभाग. सुटसुटीत असल्यामुळे ती जगभर पसरली. मात्र ‘बरोबर-चूक’ या दोनच पर्यायांमुळे उपचारानंतर झालेली अर्धवट सुधारणा तिच्यात उमटत नाही. पूर्वी दिवसातून पन्नास वेळा आणि आता पाच वेळा हात धुणारा माणूस दोन्ही वेळा ‘बरोबर’वरच खूण करील. शिवाय मांडणीचा अट्टाहास आणि केवळ मनात चालणारे विचार यांना तिच्यात जवळजवळ स्थान नाही. संसर्गाच्या भयाने सार्वजनिक दूरध्वनी टाळण्याविषयी तिच्यात एक विधान आहे. ज्या पिढीने सार्वजनिक दूरध्वनी पाहिलेलाच नाही, तिला हे विधान निरर्थक वाटेल. प्रश्नावल्याही वय झाल्यावर थकतात. रॅकमन व सहकाऱ्यांनी पुढे कॅनडातील व्हँकुव्हर येथे तिची जागा घेणारी ५५ विधानांची नवी शोधिका तयार केली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली.

पादुआ शोधिका (१९८८) इटलीतील एझिओ सनाव्हिओ याची. तिच्यात ६० विधाने असून प्रत्येकाला शून्य ते चार असे गुण आहेत. ती सर्वसामान्य लोकांनाही देता येते. तिच्यावर आक्षेप असा आला की तिच्यातील अनेक विधाने सर्वसाधारण काळजी मोजतात. मुलीच्या लग्नाची, पिकाची किंवा कर्जाची काळजी मनात घोळत राहणे आणि मंत्रचळाचा विचार मनात घोळणे यांत फरक आहे. काळजी खऱ्या प्रश्नाशी निगडित असते, तर मंत्रचळातील विचार स्वतःलाच परका व असंबद्ध वाटतो. म्हणून अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ मध्ये काळजीशी संबंधित विधाने वगळून ३९ विधानांची सुधारित आवृत्ती काढली.

ओसीआय आणि ओसीआय-आर. एडना फोआ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४२ विधानांची ओसीआय ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. २००२ मध्ये तिची १८ विधानांची संक्षिप्त आवृत्ती ओसीआय-आर निघाली आणि आज संशोधनात बहुधा हीच सर्वाधिक वापरली जाते. धुणे, तपासणे, मांडणी, विचारांचा घोळ, वस्तूंचा साठा आणि वाईट विचाराचा परिणाम पुसण्यासाठी केलेली कृती असे तिचे सहा विभाग असून प्रत्येकात तीन विधाने आहेत. गेल्या महिन्यात त्या अनुभवाने किती त्रास झाला हे शून्य ते चार या पदनिश्चयन श्रेणीवर सांगावयाचे. एकूण गुण शून्य ते ७२. मूळ अभ्यासात २१ हा सीमारेषेचा गुण सुचविला होता. त्याच अभ्यासात मंत्रचळाच्या रुग्णांचे सरासरी गुण सुमारे २८, तर विकार नसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे सुमारे १९ होते. ही दोन सरासरींमधील दरी वाटते तितकी रुंद नाही. प्रत्येक गटातील व्यक्ती सरासरीच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेल्या असतात. त्यामुळे पुष्कळसे निरोगी लोक सीमारेषेच्या वर आणि काही रुग्ण तिच्या खाली सापडतात.

२०१३ मध्ये साठवणुकीचा विकार स्वतंत्र मानला गेला आणि ओसीआय-आरमधील एक पूर्ण विभाग एका वेगळ्याच आजाराचा ठरला. २०२१ मध्ये साठा आणि परिणाम पुसण्याची कृती हे दोन विभाग वगळून १२ विधानांची ओसीआय-१२ प्रसिद्ध झाली. आजाराची व्याख्या बदलली की त्याचे मापही बदलावे लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

डॉक्स (२०१०) या जोनाथन अब्रामोविट्झ व सहकाऱ्यांच्या मापनीची रचना निराळी आहे. संसर्ग, आपल्यामुळे इतरांना हानी होईल ही जबाबदारीची भावना, अस्वीकारार्ह विचार आणि सममिती असे चार विषय तिने घेतले आहेत. प्रत्येक विषयाच्या आरंभी परिच्छेदरूपाने उदाहरणे दिली आहेत. त्यानंतर तेच पाच प्रश्न: वेळ किती जातो, काय काय टाळावे लागते, त्रास किती होतो, कामात अडथळा किती येतो, आणि विचार बाजूला सारणे किती कठीण जाते. एकूण २० प्रश्न, शून्य ते ८० गुण. अमुक कृती करता काय असे न विचारता अनुभवाचे ओझे विचारल्यामुळे ही पद्धत भिन्न संस्कृतींत वापरण्यास अधिक सोयीची ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उदाहरणे बदलली तरी प्रश्न बदलावे लागत नाहीत.

येथे येल-ब्राऊन मापनीचा उल्लेख आवश्यक आहे. वेन गुडमन व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही दहा प्रश्नांची मापनी मूलतः आत्मनिवेदनाची नव्हे. ती तज्ज्ञाने मुलाखत घेऊन भरावयाची आहे. विचारांविषयी पाच व कृतींविषयी पाच प्रश्न असून एकूण गुण शून्य ते ४० असतात. ८ ते १५ सौम्य, १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र आणि ३२ पासून पुढे अतितीव्र, अशी तिची विभागणी प्रचलित आहे. इतर सर्व प्रश्नावल्यांची कसोटी हिच्याशी तुलना करून घेतली जाते. तिची रुग्णाने स्वतः भरावयाची आवृत्तीही नंतर निघाली. १९९६ मध्ये स्टेकेटी, फ्रॉस्ट व बोगार्ट यांनी मुलाखत आणि आत्मनिवेदन या दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली.

गुणांचा अर्थ

भारतात २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात मंत्रचळाचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे ०.८ टक्के आढळले. म्हणजे हजार प्रौढांत साधारण आठ. आता शंभर रुग्णांपैकी ८० रुग्ण बरोबर ओळखणारी आणि शंभर निरोगी व्यक्तींपैकी ८० जणांना बरोबर वगळणारी एक काल्पनिक प्रश्नावली घेऊ. ती एखाद्या गावातील हजार प्रौढांना दिली, तर आठ रुग्णांपैकी सुमारे सहा सापडतील. पण उरलेल्या ९९२ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १९८ जणही सीमारेषेच्या वर जातील. वर गेलेल्या २०४ लोकांत खरे रुग्ण सहाच, म्हणजे शंभरात तीन.

तीच प्रश्नावली मनोविकारतज्ज्ञाकडे आलेल्या अशा शंभर व्यक्तींना दिली की ज्यांच्यापैकी निम्म्यांना खरोखर हा विकार आहे, तर वर गेलेल्या ५० जणांपैकी ४० खरे रुग्ण असतील. प्रश्नावली तीच, आकडे तेच, पण तिच्या निकालाचा अर्थ जागेनुसार पार बदलतो. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या ‘दहा प्रश्नांत ओळखा’ छापाच्या चाचण्यांनी घाबरून जाणाऱ्या तरुणांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की नको असलेले विचित्र विचार निरोगी माणसांच्याही मनात येतात. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये हे दाखवून दिले. त्यांनी विचारलेल्या सर्वसामान्य लोकांपैकी बहुसंख्यांनी असे विचार येत असल्याचे सांगितले. उंच पुलावर उभे असता खाली उडी मारण्याचा किंवा हातातील सुरी कोणाला लागेल असा क्षणिक विचार येणे हे आजाराचे लक्षण नव्हे. फरक विचारात नसून त्या विचाराला दिलेल्या महत्त्वात असतो. ‘असा विचार तुमच्या मनात येतो काय’ एवढेच विचारणारी प्रश्नावली म्हणूनच फसते.

सोवळे, विटाळ आणि लक्षण

पाश्चात्त्य प्रश्नावल्यांतील धुण्याविषयीची विधाने भारतीय घरात वेगळा अर्थ धारण करतात. स्वयंपाकापूर्वी स्नान, पूजेसाठी सोवळे, स्मशानातून आल्यावर आंघोळ, मासिक पाळीच्या दिवसांतील शिवाशिव यांसारखे नियम अनेक घरांत आजही पाळले जातात. १०८ वेळा जप करणाऱ्याला ‘तुम्ही आकडे मोजता काय’ असे विचारल्यास तो प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणेल आणि त्याचे गुण विनाकारण वाढतील.

बंगालमध्ये शुद्धतेच्या अतिरेकी वेडाला ‘शुचिबाई’ असा शब्दच आहे. अजिता चक्रवर्ती आणि बॅनर्जी यांनी १९७५ मध्ये बंगाली समाजातील शुचिबाई, कर्मकांड आणि मंत्रचळ यांच्या परस्परसंबंधावर लेख लिहिला. त्याच वर्षी चंदीगडच्या अख्तर, विग, वर्मा आदींनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे केलेले विश्लेषण ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारतातील या विषयाच्या अभ्यासाचे हे दोन महत्त्वाचे आरंभबिंदू होत. मराठीत ‘शुचिबाई’ला नेमका पर्याय नाही. ‘सोवळ्याचे वेड’ किंवा ‘अति सोवळं’ असे म्हटले जाते.

सोवळे आणि लक्षण यांतील सीमा चार-दोन साध्या प्रश्नांनी बरीच स्पष्ट होते. विधी संपल्यावर मन शांत होते, की पुन्हा तोच विधी करावासा वाटतो? त्याच घरातील, तेच नियम पाळणाऱ्या इतर लोकांनाही हे जास्त वाटते काय? प्रवासात किंवा आजारपणात नियम सैल करता येतो काय? धर्मशास्त्रातही आपद्धर्माला जागा आहे, मंत्रचळाला ती नाही. आंघोळ एकदा केल्याने सोवळे होते. सात वेळा केल्यानेही ‘झाली की नाही’ ही शंका राहत असेल, तर तो प्रश्न सोवळ्याचा उरत नाही. परंतु हे प्रश्न छापील विधानांत क्वचितच आढळतात, ते मुलाखतीतच विचारावे लागतात.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. घरात सोवळे आहे म्हणून एखाद्या सुनेचे किंवा आजीचे तासन्‌तास पाण्यात हात घालून बसणे ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून वर्षानुवर्षे खपून जाते. अशा घरात प्रश्नावलीचे गुण उगाच वाढण्यापेक्षा आजार झाकला जाण्याचे नुकसान अधिक मोठे असते.

भाषांतराचा प्रश्न

प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेण्याची मान्य पद्धत अशी आहे: प्रथम भाषांतर, मग तज्ज्ञमंडळाकडून तपासणी, मग मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, आणि शेवटी थोड्या सामान्य लोकांना प्रश्न वाचून दाखवून त्यांना काय समजले हे त्यांच्याच शब्दांत विचारणे. शेवटची पायरी सर्वांत उपयुक्त असून घाईत तीच वगळली जाते. एवढे झाल्यावरही नव्या भाषेतील आवृत्तीची विश्वसनीयता आणि सीमारेषा पुन्हा तपासावी लागते. इंग्रजीतील २१ हा गुण मराठीत आपोआप २१ राहत नाही.

मराठीतील अडचणी शब्दागणिक आहेत. ‘शंका’ आणि ‘संशय’ हे शब्द कोशात जवळ असले तरी ‘तुम्हाला वारंवार संशय येतो का’ असे विचारल्यास ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवरा-बायकोचे भांडण उभे राहते. ‘शंका’ म्हणावे तर ग्रामीण भागात तिचा ‘लघुशंके’शीही संबंध येतो. ‘खात्री वाटत नाही’ हा प्रयोग अधिक सुरक्षित आहे. ‘त्रास’ हा शब्द गुडघेदुखीपासून सासुरवासापर्यंत सर्वत्र चालतो, त्यामुळे मापनाच्या दृष्टीने तो ढिला पडतो. ‘जीवाची तगमग’, ‘चैन न पडणे’ हे प्रयोग अनुभवाच्या जवळचे आहेत, पण भाषांतरकार प्रमाण भाषेच्या आग्रहापायी ते टाळतात. नकारार्थी विधाने आणखी घोटाळा करतात. ‘मी जंतूंची अवाजवी काळजी करीत नाही’ या विधानाला ‘चूक’ म्हणणे म्हणजे काय, हे पदवीधरालाही क्षणभर थांबून समजून घ्यावे लागते.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. आत्मनिवेदन पद्धतीच्या मर्यादा येथे जितक्या ठळकपणे दिसतात तितक्या राज्यात इतरत्र क्वचितच दिसतील. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यातील जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. राज्याची सरासरी त्या वेळी ८२ टक्क्यांच्या वर होती. स्वतः वाचून स्वतः भरावयाची प्रश्नावली जिल्ह्यातील प्रौढांच्या फार मोठ्या भागाला याच एका कारणाने वगळते.

भाषेचे वैविध्य हे दुसरे कारण. नवापूर भागात मावची, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवली, धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्यात पावरी, शहादा-तळोदा पट्ट्यात गुजरी, तर सपाटीवर अहिराणी. प्रमाण मराठी ही यांपैकी बहुतेकांची शाळेतली भाषा, घरातली नव्हे. ‘कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बरेचदा, नेहमी’ ही पाच पायऱ्यांची शिडी वर्गात शिकलेल्या माणसाला सहज चढता येते. ज्याने कधी परीक्षा दिली नाही त्याला ‘क्वचित’ आणि ‘कधी कधी’ यांत अंतर दिसत नाही. अशा वेळी हाताच्या पाच बोटांनी किंवा रिकाम्या ते भरलेल्या पेल्याच्या चित्रांनी तीव्रता दाखविण्याची युक्ती उपयोगी पडू शकते.

मग प्रश्न दुसऱ्याने वाचून दाखवावयाचे. परंतु वाचून दाखविणारा आला की ते आत्मनिवेदन राहत नाही. मुलगा आईला प्रश्न वाचून दाखवितो, नवरा बायकोच्या वतीने खूण करतो, किंवा ओळखीची आशा कार्यकर्ती पाड्यावरील इतरांच्या देखत विचारते. हात धुण्याचे उत्तर अशा वेळीही मिळेल. देवाच्या मूर्तीसमोर येणारे अभद्र विचार, लैंगिक विचार किंवा स्वतःच्या तान्ह्या मुलाला इजा होईल अशा भयंकर प्रतिमा यांविषयीचे उत्तर मिळणार नाही. बाळंतपणानंतरच्या काळात मंत्रचळ सुरू होण्याची किंवा बळावण्याची शक्यता असते. अशा मातेला आपल्या विचारांची किळस व भीती वाटते आणि तसे करण्याची तिची इच्छा मुळीच नसते. हे ठाऊक नसलेल्या माणसाने तिचे उत्तर ऐकले, तर ती मुलाच्या जिवावर उठली आहे असा उलटा अर्थ तो काढील. सातपुड्याच्या भागात विचित्र वागणाऱ्या बाईवर डाकीण असल्याचा आळ घेतला गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आळ घेणे गुन्हा ठरविले, तरी ती भीती बाईच्या मनात असतेच. तिने ‘नाही’वर केलेली खूण म्हणजे लक्षण नसल्याचा पुरावा नव्हे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. नंदुरबारला लागून असलेली गुजरात आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये मात्र त्यात होती. त्या सर्वेक्षणात प्रश्नावली लोकांच्या हाती न देता प्रशिक्षित क्षेत्रकार्यकर्त्यांनी मुलाखत घेऊन उत्तरे टॅबलेटवर नोंदविली. साक्षरतेच्या अडचणीवर हा रास्त उपाय होता. त्याला खर्च व प्रशिक्षण लागते, आणि म्हणूनच तो रोजच्या दवाखान्यात परवडत नाही.

उत्तरे देणाऱ्याच्या अडचणी

ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे त्यांनाच ती भरणे सर्वांत कठीण जाते, हा या विषयातील एक विरोधाभास आहे. संशय हाच आजार असलेला माणूस ‘दोन’ लिहू की ‘तीन’ यावर अर्धा तास घालवितो, खोडतो, पुन्हा वाचतो, उत्तराशेजारी समासात खुलासे लिहितो. खोटे उत्तर गेले तर पाप लागेल, या भयाने काही जण प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारतात. जाणकार मानसशास्त्रज्ञ गुणांइतकाच भरण्यास लागलेला वेळ आणि खाडाखोडही पाहतात. ‘बावीस मिनिटांत अठरा प्रश्न’ ही नोंद कधी कधी एकूण गुणांपेक्षा बोलकी असते.

याउलट ज्यांना आपल्या कृती अगदी योग्यच वाटतात, त्यांचे गुण कमी येतात. जो सर्व काही टाळतो त्याचेही येतात. बाहेरच पडत नाही म्हणून कुलूप तपासावे लागत नाही, घरचे सर्व दरवाजे तेच उघडतात म्हणून कड्यांना हात लागत नाही. कुटुंबाने आजाराभोवती आपली सारी दिनचर्या वळवून घेतलेली असते. म्हणून घरच्यांशी वेगळे बोलणे उपयुक्त ठरते, मात्र रुग्णाच्या संमतीने. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. भरलेली प्रश्नावली ही त्याच्या आरोग्याविषयीची माहिती असून ती शाळेच्या किंवा कार्यालयाच्या फायलीत उघडी पडून राहता कामा नये.

उपचारातील उपयोग

निदानापेक्षा उपचारांचा पाठपुरावा करण्यात या प्रश्नावल्या अधिक कामास येतात. एकाच व्यक्तीचे गुण दर काही आठवड्यांनी मांडल्यास आलेख मिळतो, आणि तेथे इतरांशी तुलनेचा प्रश्न उरत नाही. येल-ब्राऊन मापनीवर गुण किमान ३५ टक्क्यांनी उतरल्यास उपचार लागू पडला असे संशोधनात सामान्यतः मानतात. उदाहरणार्थ, २८ वरून १८ वर आलेला रुग्ण या कसोटीस उतरतो, पण तो अजूनही मध्यम तीव्रतेच्या गटातच असतो. त्याला ‘बरा झाला’ म्हणून सोडून देणे चुकीचे ठरेल.

या विकारावर भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन नेहमीची कृती रोखण्याची वर्तनोपचार पद्धती आणि सेरोटोनिनवर काम करणारी औषधे हे दोन प्रमुख उपचार आहेत. वर्तनोपचाराची आखणी करताना प्रश्नावलीचे एकूण गुण बाजूला ठेवून एकेक विधान पाहिले जाते: कोणत्या विधानाला चार, कोणत्याला एक. सुरुवात एक-दोन गुणांच्या भीतीपासून करतात.

महाराष्ट्रातील शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. नंदुरबारहून ती सर्वच दूर पडतात. १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देश अशा दूरच्या जिल्ह्यांत प्राथमिक सेवा पोहोचविण्याचा आहे. नंदुरबार येथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस या केंद्र शासनाच्या सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तेथे प्रादेशिक भाषांत बोलता येते. दूरध्वनीवर प्रश्न विचारले जातात ते तोंडी. वाचता न येणाऱ्या व्यक्तीला आपले म्हणणे घरच्यांच्या मध्यस्थीशिवाय सांगण्याची सोय त्यामुळे होते, घरात एकांत मिळाला तर.